तारीख उलटली, मग टाकायचं का? एका छापील तारखेचा इतिहास

मागच्या महिन्यातला रविवार. मोहन्याला आमच्या घरी ओट्यावर दोन पाकिटं होती. एक रव्याचं, तारीख उलटून दोन महिने झालेलं. दुसरं पनीरचं, आदल्याच दिवशी मुदत संपलेलं, त्यातलं अर्धं वापरून उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलेलं. आईचं म्हणणं, रव्याला काय होतंय, आणि पनीरलाही वास नाही, भुर्जी करून टाकू. वहिनीचं म्हणणं, तारीख गेली ना, मग दोन्ही फेका. वहिनीला सातवा महिना आहे, त्यामुळे घरात खाण्यापिण्यावरून सध्या रोजच चर्चा असते.

"अगं, तू एवढं मायक्रोबायोलॉजी शिकलीस, सांग की आता," आई म्हणाली.

मी म्हणाले, रवा चालेल, पनीर नको. त्यावर वहिनीने दोन्ही पाकिटं उलटी करून दाखवली. "दोन्हीवर शब्द एकच छापलाय, एक्सपायरी. मग एकाची तारीख पाळायची आणि दुसऱ्याची नाही, हे कसं ठरवलंस?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण तुकड्यातुकड्यांत. ते तुकडे जुळवायला बसले तेव्हा लक्षात आलं की प्रश्न इतिहासाचा आहे. अन्न चांगलं की वाईट हे ठरवण्याची साधनं माणसाने एकामागून एक बदलली, आणि आधीच्या साधनाची चूक झाकायला पुढचं आलं. छापील तारीख हे त्यातलं अलीकडचं साधन. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना या गोष्टीत आणखी एक फायदा आहे. एखादा आकडा नेमकं काय मोजतो, हे विचारायची सवय लागते.

पहिलं साधन: नाक

मराठीत खराब अन्नासाठी किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, पीठ आंबतं, भाजी उतरते, आमटी विटते, तेल आणि दाणे खवट होतात, भाकरीला बुरशी येते, इडलीच्या पिठाला तार सुटते. प्रत्येक शब्दामागे नाक, जीभ, डोळे किंवा बोटं आहेत. पण जे अन्न दिसायला, वासाला, चवीला अगदी ठीक आहे आणि तरी आजारी पाडेल, त्यासाठी आपल्याकडे एक शब्द नाही. स्वयंपाकघराला ते ओळखताच येत नव्हतं, तर शब्द कुठून येणार?

एकोणिसाव्या शतकातलं विज्ञानही याच नाकावर चालत होतं. १८७० च्या दशकात इटलीतल्या फ्रान्चेस्को सेल्मी यांनी कुजलेल्या प्रेतात तयार होणाऱ्या रसायनांना 'टोमेन' हे नाव दिलं. त्यावरून समज पक्का झाला की अन्न कुजलं की त्यात विष तयार होतं आणि तेच माणसाला बाधतं. 'टोमेन पॉयझनिंग' हा शब्द विसाव्या शतकातही बराच काळ टिकला.

या समजाला पहिला मोठा धक्का १८८८ मध्ये बसला. जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावात एका आजारी गायीचं मांस खाऊन पन्नासहून जास्त लोक आजारी पडले आणि एकजण दगावला. मांस सडलेलं नव्हतं. ऑगस्ट गार्टनर यांनी त्या मांसातून आणि मृत माणसाच्या शरीरातून एकच जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला साल्मोनेलाच्या कुळात ठेवतो. म्हणजे कुजणं आणि बाधणं या दोन वेगळ्या घटना निघाल्या. त्या कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग १९१४ सालचा, फिलिपिन्समधला. मार्शल बार्बर नावाचे संशोधक एका गोठ्यातलं दूध पिऊन पुन्हापुन्हा आजारी पडत होते. गाय निरोगी दिसत होती. ताजं दूध प्यायलं तर काही होत नसे, तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या. त्यांनी हे स्वतःवरच करून पाहिलं. कारण निघालं स्टॅफिलोकॉकस आणि त्याने दुधात सोडलेलं विष. आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, पण त्याची रचना बघा. गाय तीच, दूध तेच, पिणारा तोच. बदलला तो फक्त वेळ.

इथे पहिल्यांदा घड्याळ अन्नाच्या प्रश्नात शिरतं.

दुसरं साधन: घड्याळ, आणि मुंबईचं दूध

आता आपल्या भागात येऊ. १९४० च्या दशकात मुंबईला पुरेसं आणि चांगलं दूध कसं मिळवायचं हा सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. गायी-म्हशींचे तबेले शहराच्या वस्तीत होते. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली आणि जनावरं शहराबाहेर न्यायला सुरुवात झाली. दुसरीकडे गुजरातमधल्या आणंदहून दूध रेल्वेने मुंबईला येत होतं. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त. खेडा जिल्हा संघाने १९४८ मध्ये मुंबईसाठी दूध पाश्चराइज करून पाठवायला सुरुवात केली. पुढे १९६३ मध्ये खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच साखळीतल्या कामासाठी.

चारशे किलोमीटर आलेलं दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे डेअरीच्या दारात काही मिनिटांत ठरवावं लागतं. त्यासाठी डेअऱ्यांमध्ये रुळलेल्या दोन चाचण्या मला आठवतात. एक, दुधाचा नमुना उकळून बघायचा, फुटलं तर परत. आपण सकाळी पिशवी फोडून दूध तापवतो तेव्हा नकळत हीच चाचणी करतो. दुसरी, मेथिलीन ब्लूची. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळा रंग घालायचा, नळी ३७ अंशांवर ठेवायची आणि रंग उडायला किती वेळ लागतो ते बघायचं. जिवाणू जास्त, तर ऑक्सिजन लवकर संपतो आणि निळा रंग लवकर पांढरा होतो. पाच तासांहून जास्त टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. बी.एस्सी.ला हे प्रॅक्टिकल बहुतेकांनी केलं असेल.

ही चाचणी नाकाच्या खूप पुढची. पण ती काय मोजते? जिवाणूंची एकूण हालचाल. ते कोणत्या जातीचे, हे ती सांगत नाही. निरुपद्रवी जिवाणू पुष्कळ असले तरी रंग लवकर उडेल, आणि घातक जिवाणू मोजकेच असले तर उशिरा. शिवाय ती ३७ अंशांवर चालते, त्यामुळे थंडीत वाढणारे जिवाणू तिच्या नजरेतून बऱ्यापैकी सुटतात. दूध थंड साखळीतून यायला लागलं तशी तिची विश्वासार्हता कमी झाली. चाचणी तीच होती, आजूबाजूची परिस्थिती बदलली. व्हायव्हात 'तुमच्या पद्धतीची मर्यादा काय' असं विचारलं तर हे उदाहरण डोक्यात ठेवा.

तिसरं साधन: तारीख

पाकीटबंद अन्न वाढलं तसं ग्राहकाला ना वास घेता येईना, ना चाचणी करता येईना. त्याच्या हातात राहिलं फक्त लेबल. सुरुवातीला कंपन्या गुप्त आकड्यांत तारीख छापायच्या, दुकानदाराला माल फिरवता यावा म्हणून. ती उघड वाचता येईल अशी छापा, ही मागणी अमेरिकेत आणि युरोपात १९७० च्या दशकात जोर धरू लागली. युरोपीय समुदायाने १९७८ मध्ये किमान टिकाऊपणाच्या तारखेचा नियम केला आणि १९८९ मध्ये लवकर नासणाऱ्या पदार्थांसाठी 'यूज बाय' ही वेगळी तारीख आणली. म्हणजे तिथे एकाच तारखेचे दोन प्रश्न कागदावर तरी वेगळे झाले. एक दर्जाचा, एक सुरक्षिततेचा.

भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः भेसळीकडे बघत होता. वजनमापाच्या १९७७ च्या नियमांनी पाकिटावर उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापणं आलं. म्हणजे 'कधी बनलं' ते कळायचं, 'कधीपर्यंत' हे तुम्ही ठरवायचं. 'बेस्ट बिफोर' नंतर आलं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मुदत संपलेला माल विकल्यास विक्रेता जबाबदार, हे स्पष्ट लिहिलं. कायद्याचा रोख दुकानाकडे आहे. आपल्या ओट्यावरचा प्रश्न तो सोडवत नाही.

आणि मग २०२० चे लेबलिंगचे नियम. त्यांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' छापणं बंधनकारक केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. व्याख्या बघण्यासारख्या आहेत. 'बेस्ट बिफोर'च्या व्याख्येत म्हटलंय की त्या तारखेनंतर दर्जा घसरला तरी अन्न खायला पूर्ण सुरक्षित असू शकतं. 'एक्सपायरी'च्या व्याख्येत म्हटलंय की हा अंदाजे काळ संपल्यावर ग्राहकाला अपेक्षित असलेला दर्जा आणि सुरक्षितता बहुधा राहणार नाही. 'अंदाजे' आणि 'बहुधा' हे दोन शब्द नियमातच आहेत. आणि दोन्ही व्याख्यांत एक अट समान आहे, 'सांगितलेल्या साठवणुकीत'.

वहिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. रव्यावर आणि पनीरवर एकच शब्द आहे, कारण नियमाने तो एक केला. त्या शब्दामागचे प्रश्न मात्र अजून दोन आहेत. कुठला प्रश्न लागू आहे, हे शब्दावरून कळत नाही, पदार्थावरून कळतं.

तारीख येते कुठून?

कारखान्यात पाकिटं ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला ठेवतात आणि ठराविक दिवसांनी उघडून बघतात. जिवाणू किती, ओलावा किती, तेल खवट झालं का, चव बदलली का. टिकाऊ मालासाठी वर्षभर थांबणं परवडत नाही, म्हणून तापमान वाढवून प्रक्रिया वेगात करतात आणि गणिताने नेहमीच्या तापमानाचा काळ काढतात. मग त्यातून सुरक्षेसाठी काही दिवस कापतात. थोडक्यात, तारीख हा एका प्रयोगाचा निष्कर्ष आहे, आणि तो प्रयोग बंद पाकिटावर, ठरलेल्या तापमानाला झालेला आहे. तुमच्या हातातलं पाकीट त्या प्रयोगात नव्हतं.

तारीखही नाही, आणि नाकही चुकलं, याचं उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. 'बर्ट्रांड' नावाची आगबोट १८६५ मध्ये मिसुरी नदीत बुडाली. १९६८ मध्ये ती सापडली आणि त्यातले अन्नाचे डबे १९७४ मध्ये तपासले गेले. शंभर वर्षांहून जुनं अन्न. रूप आणि वास घसरलेला, क जीवनसत्त्व गेलेलं, पण जिवाणूंची वाढ शून्य. बार्बरचं दूध वासाला ठीक आणि पोटाला विष. बर्ट्रांडचे डबे वासाला वाईट आणि तपासणीत जिवाणूमुक्त. नाक दोन्ही बाजूंनी चुकू शकतं, हे या दोन उदाहरणांनी पुरं होतं. (म्हणून जुने डबे उघडून खाऊ नका. फुगलेला किंवा गळका डबा तर उघडूही नका.)

रवा का चालतो

ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा जिवाणूला त्यातलं किती वापरता येतं हे महत्त्वाचं. या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी म्हणजे १. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकॉकस साधारण ०.८६ पर्यंत तग धरतो, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. पनीर ०.९५ च्या वर असतं. कोरडा रवा तळाच्या रेषेच्या आसपास. दिवाळीचा फराळ आठवा. चिवडा, शंकरपाळे पाणी घालवून टिकतात, पाकातले लाडू साखरेने पाणी बांधून. आपल्या आज्यांना हे माप माहीत नव्हतं, पण वापरत त्या हेच होत्या.

रव्याचं हे कोरडेपण पाकिटावर अवलंबून आहे. आणि इथे मोहनेकरांसाठी एक छोटी जोड. २००९ मध्ये बंद पडलेल्या आमच्या एनआरसीत व्हिस्कोसपासून रेयॉनचा धागा निघायचा. तेच व्हिस्कोस बारीक भोकांऐवजी लांब फटीतून काढलं की सेलोफेन होतं. १९०८ च्या सुमारास जाक ब्रान्डनबर्गर यांनी ते बनवलं, पण त्यातून वाफ आरपार जायची. १९२७ मध्ये विल्यम चार्च यांनी त्यावर ओलावा अडवणारा लेप शोधला आणि पारदर्शक पाकिटातलं अन्न टिकू लागलं. म्हणजे तारीख अन्नाइतकीच पाकिटाचीही असते. पाकीट फोडून रवा पावसाळ्यात तसाच उघडा ठेवला, तर तारीख बाकी असूनही तो कुबट होईल.

रव्यात जिवाणू नसतात असं नाही. ते वाढत नाहीत, आणि आपण रवा भाजून, शिजवून खातो. किडे, अळ्या, जाळी, कुबट किंवा खवट वास दिसला तर टाकायचा. इथे आईचं नाक उपयोगी आहे, कारण रव्याची बिघाडाची वाट नाकाला कळणारी आहे.

पनीर का नाही

१९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत एक साथ आली. ४१ रुग्ण, त्यातले ३४ गर्भवती आणि नवजात बाळांशी संबंधित. शोध घेतल्यावर कारण निघालं कोबीची कोशिंबीर. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं खत घातलेलं होतं आणि कोबी बराच काळ थंडीत साठवलेला होता. जिवाणू लिस्टेरिया. अन्नातून तो पसरतो, हे या साथीने पक्कं झालं. लिस्टेरिया चार अंशांवरही हळूहळू वाढतो. फ्रिज बाकीच्यांना थांबवतो आणि याला मोकळं रान देतो. वास नाही, रंग नाही. निरोगी माणसाला तो फारसा त्रास देत नाही, पण गर्भवती बाईकडून बाळापर्यंत पोचू शकतो.

फ्रिजमधल्या ओल्या पदार्थावरची मुदत त्यामुळे वेगळी वाचावी लागते. तिथे दिवस म्हणजे जिवाणूंना वाढायला मिळालेला वेळ. आमच्या पनीरचं पाकीट फोडलेलं होतं, म्हणजे तारखेची पहिली अट मोडलेली. शिवाय त्याच शुक्रवारी दुपारी चार तास लाइट नव्हती, म्हणजे दुसरी अटही मोडलेली. खरं तर ते पनीर मुदतीच्या आत असतं तरी मी वहिनीला दिलं नसतं. छापलेली तारीख जिथे कमी पडते ती हीच जागा. ती बाहेर गेल्यावर आपण सावध होतो, पण आत असताना बिनधास्त राहतो.

मग ठरवायचं कसं

मी घरी तीन प्रश्न सांगितले. पदार्थ ओला की कोरडा? तारखेच्या अटी पाळल्या गेल्या का, म्हणजे पाकीट बंद होतं का आणि थंडी सलग होती का? आणि खाणारं कोण आहे? तिसरा प्रश्न लेबलवर कधीच नसतो. चूक झाली तर किंमत कोण मोजणार, हे मात्र त्यावरच ठरतं. रवा टाकण्यात आपण अन्न आणि पैसे वाया घालवतो. पनीर ठेवण्यात शंभरेक रुपये वाचतात आणि पणाला भलतंच काही लागतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत, तर दोन्हींसाठी नियमही सारखा नको. स्टॅटिस्टिक्समध्ये टाइप वन आणि टाइप टू चुका पाठ करताना मला हे कधी इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

रवा चाळला, निवडला, भाजला. शिरा झाला आणि वहिनीने दोनदा घेतला. पनीर आईने स्वतःच टाकलं, जरा नाराजीने. लहानपणी अन्न टाकू नये असं ऐकून वाढलेल्या माणसाला ते सोपं नसतं, आणि मला ते चूकही वाटत नाही.

मग मी ओट्याच्या कोपऱ्यात बघितलं. पातेल्यात रात्रीचा भात होता, झाकून, रात्रभर बाहेर. सकाळी त्याचा फोडणीचा भात होणार होता, नेहमीसारखा. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाहेर राहिलेल्या भातापासून केलेला फ्राइड राइस खाऊन उलट्यांच्या बऱ्याच घटना नोंदल्या गेल्या. कारण होतं बॅसिलस सिरियस. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष फोडणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही.

दोन पाकिटांवरून आम्ही तासभर वाद घातला होता. भातावर तारीख नव्हती, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आता रात्री भात उरला तर तो गार व्हायला पसरून ठेवायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये, असं ठरलंय. फोडणीचा भात चालूच आहे.